दयेचा हिशोब

इचलकरंजीच्या इंदिरा गांधी मेमोरियल रुग्णालयात मे २०२० मध्ये दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा राहिला. करोनाची पहिली लाट, टाळेबंदी, वस्त्रनगरीतले यंत्रमाग थंड पडलेले आणि त्यातच रमजान. त्या रमजानात गावातल्या मुस्लिम समाजाने जकात आणि इतर दानधर्मातून ३६ लाख रुपये जमवले आणि ते या सरकारी रुग्णालयासाठी दिले. ईदच्या सुमारास तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी दूरदृश्य प्रणालीवरून विभागाचे उद्घाटन केले. वर्तमानपत्रांनी बातमीचे कौतुक केले आणि ‘सामाजिक सलोखा’ या ठरलेल्या खात्यावर ती जमा करून टाकली. ती चुकीच्या खात्यावर पडली असे मला वाटते. सलोखा हा मनाचा भाग झाला. हा पैशांचा आणि कर्तव्याचा व्यवहार होता. इस्लाममधली समता आणि दया समजून घ्यायची तर गोड वचनांपेक्षा हिशोबाची वही उघडलेली बरी. त्या धर्माने या दोन गोष्टी माणसाच्या लहरीवर न सोडता त्यांना माप लावले, हे त्याचे मोठे बळ आहे. आणि अनेक धर्मांच्या समाजात त्याची परीक्षा व्हायची असेल तर तीही त्याच मापाने व्हायला हवी.

जकात म्हणजे ऐपतदार मुसलमानावर दरवर्षी लागू होणारे देणे. ऐपत कोणाची, हे मोघम ठेवलेले नाही. आपल्याकडच्या रूढ हिशोबाप्रमाणे साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, किंवा तेवढ्या किमतीची रोकड वा विक्रीचा माल, गरजा भागून आणि देणी वजा जाऊन ज्याच्यापाशी चांद्रवर्षभर राहिला, त्याने त्यातला चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, काढायचा. एखादा कापडदुकानदार घ्या. दुकानात पाच लाखांचा माल, बँकेत दीड लाख, गिऱ्हाइकांकडे पन्नास हजारांची उधारी, आणि घाऊक व्यापाऱ्याचे दोन लाख देणे. निव्वळ राहिले पाच लाख; जकात साडेबारा हजार. राहते घर, दुकानातले फर्निचर, रोजच्या वापरातली मोटरसायकल यांना ती लागत नाही. बायकोच्या अंगावरच्या दागिन्यांना हनफी पंथ ती लावतो, तर शाफई पंथ वापरातले माफक दागिने सोडून देतो. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई आणि देशावरचे बहुतेक हनफी, त्यामुळे एकाच राज्यातल्या दोन घरांत हा आकडा वेगळा निघतो. पैसा कोणाला जायचा त्याचीही कुरआनात आठ कलमांची यादी आहे: निर्धन, गरजू, वसुलीचे काम करणारे, ज्यांची मने जोडायची आहेत ते, गुलामांची सुटका, कर्जबाजारी, ईश्वराच्या मार्गातले काम आणि वाटेत अडकलेला प्रवासी.

या सगळ्या तपशिलामागची भूमिका अशी की श्रीमंताच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क आधीच गुंतलेला असतो. म्हणजे देणारा उपकार करत नाही, थकबाकी चुकती करतो. म्हणूनच दिलेल्याची आठवण करून देऊन समोरच्याला खजील करणे हे दान वाया घालवणे मानले गेले. ‘अल-माऊन’ नावाची एक छोटी, सातच आयतींची सुरा आहे. अनाथाला धक्के मारणारा, आणि नमाज पढूनही शेजाऱ्याला घरातली साधी वापरायची वस्तू न देणारा, अशा दोघांवर तिचा रोख आहे. उपासना आणि उसनवारी एकाच पंगतीत आणून बसवणारी ही रचना मला फार बोलकी वाटते. हक्क म्हटले की मागणाऱ्याची मान खाली जात नाही. बहुधर्मी समाजाला नेमके हेच हवे असते, कारण उपकाराखाली दबलेला शेजारी कधी बरोबरीचा होत नाही.

इथे पहिला आणि रास्त प्रश्न येतो: हा हक्क कोणाचा? फक्त मुसलमान गरिबाचा की कोणाही गरिबाचा? जकातीपुरते बोलायचे तर बहुसंख्य जुन्या धर्मशास्त्रकारांचे उत्तर ‘मुसलमानांचा’ असे आहे. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण जकात हा दानाचा एकच प्रकार झाला. ऐच्छिक सदका कोणालाही देता येतो, याबद्दल फारसा वाद नाही. ईदच्या नमाजाआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे सुमारे पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत फितरा म्हणून काढतात. तो मुस्लिम राज्यातल्या मुस्लिमेतर गरिबालाही चालतो, असे खुद्द इमाम अबू हनिफांचे मत होते. ज्यांनी तुमच्याशी लढाई केली नाही आणि तुम्हाला घरातून हुसकले नाही त्यांच्याशी भलाईने आणि न्यायाने वागायला ईश्वराची मनाई नाही, असे साठाव्या सुरेत सांगितले आहे. अबू बक्र यांची कन्या अस्मा हिची आई मूर्तिपूजक होती. ती भेटायला आली तेव्हा तिच्याशी नाते ठेवू का, असे अस्माने पैगंबरांना विचारले आणि त्यांनी ठेव म्हणून सांगितले. शेजाराच्या बाबतीत तर हदीसग्रंथांतली एक नोंद अगदी घरगुती आहे. पैगंबरांचे सोबती अब्दुल्ला बिन अम्र यांच्या घरी बकरी कापली गेली. आपल्या ज्यू शेजाऱ्याकडे वाटा पोचला का, असे ते घरच्यांना पुन्हा पुन्हा विचारत राहिले. शेजाऱ्याबद्दल पैगंबरांना इतकी वारंवार ताकीद मिळाली होती की त्याला वारसाहक्कातही वाटेकरी करतील की काय असे त्यांना वाटले होते, हे कारण अब्दुल्लांनी दिले. वाटा आधी शेजाऱ्याचा, त्याचा धर्म कोणता ही चौकशी नाही. इचलकरंजीच्या लोकांनी अतिदक्षता विभागाला पैसे दिले तेव्हा ते याच वाटेने गेले. प्राणवायूच्या नळीला रुग्णाची जात कळत नाही आणि सरकारी रुग्णालयाच्या केसपेपरवर दात्याचा धर्म छापलेला नसतो. दान संस्थेमार्फत गेले की ते हक्काच्या जास्त जवळ जाते, ते असे.

समतेचेही तसेच. नमाजाच्या रांगेत, म्हणजे सफमध्ये, राखीव जागा नसते; आधी येईल तो पुढे. (उमय्या खलिफांनी मशिदीत स्वतःसाठी जाळीआडची वेगळी जागा करून घेतली, हेही खरे. सत्तेला रांग कधीच सोसत नाही.) इ. स. ६३० मध्ये मक्का जिंकल्यावर काब्याच्या छतावरून अजान द्यायला पैगंबरांनी बिलाल यांना चढवले. बिलाल हबशी, एके काळचे गुलाम. कुरैशांतल्या कुलीनांना ते झोंबले. माणसांची कुळे आणि जमाती एकमेकांची ओळख पटावी म्हणून आहेत आणि ईश्वरापाशी थोरवी सदाचाराची, अशा अर्थाची एकोणपन्नासाव्या सुरेतली प्रसिद्ध आयत काही भाष्यकार याच प्रसंगाशी जोडतात. ६३२ मधल्या निरोपाच्या प्रवचनात अरब आणि अरबेतर, गोरा आणि काळा यांच्यात उच्चनीच नाही, हे पुन्हा सांगितले गेले. याचा पडताळा महाराष्ट्राच्या मातीतही मिळतो. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून हातोहात विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याने खडकी वसवली, ते पुढे औरंगाबाद झाले. जमीन महसुलाची घडी बसवली, आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत मोगलांना दक्षिणेत सुखाने झोपू दिले नाही. त्याच्या हाताखाली मराठे सरदार लढले. रंगावरून आणि जन्मावरून माणूस कायमचा खाली ढकलला जात नव्हता, याचा हा सज्जड पुरावा आहे. मात्र त्याला विकणारे आणि घेणारेही त्याच जगातले होते. इस्लामने गुलाम सोडवणे हे पुण्यकर्म ठरवले, प्रायश्चित्तात घातले, जकातीत त्यासाठी कलम ठेवले. गुलामी सरळ रद्द मात्र केली नाही. सौदी अरेबियात ती कायद्याने बंद व्हायला १९६२ उजाडले. माप योग्य होते, पण वही पुरी करायला माणसांनी तेरा शतके लावली.

आपल्याकडे तर वहीतली आणखी पाने कोरी आहेत. जात इस्लामला मान्य नाही, पण भारतीय मुसलमानांना ती पुरेपूर ठाऊक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाकिस्तानविषयक ग्रंथात १९०१ च्या बंगालच्या जनगणना अहवालाचा दाखला देऊन अशराफ, अजलाफ आणि अरजल या तीन थरांची नोंद केली. अरजलांशी इतर मुसलमान संबंध ठेवत नाहीत, त्यांना मशिदीत आणि सार्वजनिक दफनभूमीत मज्जाव असतो, असे त्या अहवालात होते. महाराष्ट्रात बागवान, तांबोळी, आत्तार, पिंजारी, मन्यार, कुरेशी, मोमीन, छप्परबंद ही नावे धंद्याची म्हणून सुरू झाली आणि लग्नाच्या बाजारात जात म्हणून राहिली. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमार तिच्या सभांना हजर राहिले, आणि १९९४ साली राज्य सरकारने अनेक मुस्लिम जातींना इतर मागासवर्गीयांत धरले. त्या वेळी समाजातूनच आक्षेप आला की इस्लाममध्ये जात नाही, मग तुम्ही जातीचा दाखला कसा मागता? वरवर हा धार्मिक आक्षेप वाटतो. खरे तर समतेच्या नावाने विषमता लपवण्याची ही सोय होती. धर्माने जात नाकारली असेल तर ती जिथे आहे तिथे दाखवून मिटवणे हे धर्मकार्यच ठरते. सरकारही इथे सोवळे नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, पण मैला वाहणारा मुसलमान हलालखोर मात्र बाहेरच राहिला. तुमच्या धर्मात समता आहे ना, मग तुम्हाला सवलत कशाला, असा हा युक्तिवाद. समतेचे तत्त्व असणे आणि समता मिळणे यांतला फरक मौलवींप्रमाणे दिल्लीच्या फायलींनाही कळलेला दिसत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत हिशोब आणखी थकलेला आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी समाजसुधारक हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधानभवनावर चालून गेल्या आणि तोंडी तलाक बंद करा अशी मागणी त्यांनी केली. त्या मागणीला सर्वोच्च न्यायालयाचा होकार मिळायला २०१७ साल यावे लागले. दलवाई धर्मग्रंथाच्या बाहेर उभे राहून बोलत, म्हणून समाजाने त्यांचे ऐकले नाही असे अनेकजण म्हणतात. त्यात तथ्य असेलही, पण आत उभे राहून बोलणाऱ्यांनाही फुले मिळाली नाहीत. हाजी अली दर्ग्याच्या गाभाऱ्यात स्त्रियांना पूर्वी जाता येत होते. मग विश्वस्तांनी बंदी घातली. नूरजहाँ नियाज आणि झकिया सोमण या कार्यकर्त्या कुरआन आणि राज्यघटना दोन्ही हातांत घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २६ ऑगस्ट २०१६ रोजी न्यायालयाने बंदी उठवली, पुढे सर्वोच्च न्यायालयात विश्वस्तांनी माघार घेतली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात स्त्रिया मजारीपर्यंत पोचल्या. त्यांची मागणी कोणत्या परक्या विचाराची नव्हती. पूर्वी होते ते परत द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

आता सर्वांत कठीण आक्षेप. अल्पसंख्य असताना इस्लाम समतेची भाषा बोलतो, सत्ता आली की जिझिया, म्हणजे मुस्लिमेतरांवरचा कर, लावतो, असे म्हणतात. याला मदिनेच्या कराराचे नाव घेऊन सुटका करून घेता येत नाही. तो करार खराखुरा महत्त्वाचा आहे. इ. स. ६२२ च्या हिजरतीनंतर, म्हणजे मक्केहून मदिनेला स्थलांतर केल्यावर, झालेल्या या लेखात मुसलमान आणि मदिनेतले ज्यू यांना एकाच समुदायात धरले, ज्याचा धर्म त्याला असे ठरवले, ज्याचा खर्च त्याने सोसायचा आणि हल्ला झाला तर मिळून लढायचे अशी वाटणी केली. पण काही वर्षांतच तो मोडला. ज्यूंच्या दोन जमाती हद्दपार झाल्या आणि ६२७ मध्ये बनू कुरैझाच्या पुरुषांना ठार मारण्यात आले. करारभंग कोणी केला यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. शेवट रक्तरंजित होता, यावर वाद नाही. पुढच्या शतकांतल्या मुस्लिम राज्यांत इतर धर्मीयांना संरक्षण होते, बरोबरी नव्हती. त्या काळच्या युरोपात ज्यूंची स्थिती अनेकदा याहून वाईट होती, ही तुलना खरी असली तरी ती समर्थन म्हणून पुरत नाही. आजचे पाहायचे तर पाकिस्तानने १९७४ मध्ये घटनादुरुस्ती करून अहमदियांना मुस्लिमेतर ठरवले. एखाद्याचा धर्म कोणता हे संसद ठरवू लागली की दयेला जागा उरत नाही.

तरीही आक्षेपाचा निष्कर्ष मला मान्य नाही. अन्यायाविरुद्ध त्याच परंपरेतून उत्तर देता येते, आणि ते देऊन झालेले आहे. अबू यूसुफ यांच्या ‘किताब अल-खराज’मध्ये खलिफा उमर यांची नोंद आहे. जिझियापायी भीक मागणारा एक म्हातारा ज्यू त्यांनी पाहिला, तेव्हा तरुणपणी याच्याकडून वसूल करायचे आणि म्हातारपणी वाऱ्यावर सोडायचे हा न्याय नव्हे, असे म्हणून त्याचा कर माफ केला आणि खजिन्यातून त्याला वेतन बांधून दिले. औरंगजेबाने १६७९ मध्ये जिझिया पुन्हा बसवला, तेव्हाचे शिवाजी महाराजांच्या नावचे फारसी पत्र प्रसिद्ध आहे; जदुनाथ सरकारांनी ते ग्राह्य धरले. त्या पत्रातला मुख्य मुद्दा कुरआनाचाच आहे: ईश्वर साऱ्या जगाचा पालक आहे, एकट्या मुसलमानांचा नव्हे. एका हिंदू राजाने मुसलमान बादशहाला त्याच्याच धर्मग्रंथाचे माप लावून दाखवावे, याइतका चोख पुरावा दुसरा कोणता हवा? जानेवारी २०१६ मध्ये मोरोक्कोतल्या मराकेश शहरात अडीचशेहून अधिक मुस्लिम विद्वान आणि प्रतिनिधी जमले. त्यांनी मदिनेच्या कराराचाच आधार घेऊन मुस्लिमबहुल देशांत अल्पसंख्याकांना समान नागरिकत्व मिळावे असे जाहीर केले. जाहीरनाम्याने पाकिस्तानातला कायदा बदलत नाही हे खरे, पण वाद कोणत्या भूमीवर घालायचा ते तरी ठरते. शिवाय इस्लामचा आरंभच दुसऱ्याच्या राज्यात आसरा घेण्याने झाला होता. मक्केत छळ वाढला तेव्हा इ. स. ६१५ च्या सुमारास काही मुसलमान हबशी देशाच्या ख्रिस्ती राजाकडे गेले आणि त्याने त्यांना परत पाठवायला नकार दिला. परधर्मीयाकडून आपण न्यायाची अपेक्षा केली होती, ही आठवण मुसलमानांच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर आहे.

सलोख्यावर लिहिताना आपल्याकडे पावले आपोआप सांगली-कोल्हापूरकडे वळतात. गोटखिंडीच्या मशिदीत गणपती बसतो, कुरुंदवाडच्या मशिदींत बसतो, आणि दरवर्षी त्याची छायाचित्रे छापून येतात. ही परंपरा सुंदर आहे, जपली पाहिजे. श्रीगोंद्याच्या संत शेख महंमदांपासून आपल्याकडे तिला लांबचा वारसाही आहे. पण उत्सवातली सरमिसळ म्हणजे बरोबरी असे समजू नये. दहा दिवस आरतीला एकत्र उभे राहणारे अकराव्या दिवशी भाड्याचे घर देताना आडनाव विचारतात. मुसलमानांच्या समतेची झाडाझडती घेण्याचा हक्क इतरांना जरूर आहे, फक्त हिशोब तपासणाऱ्याने स्वतःची वहीही टेबलावर ठेवावी. मुंबई-पुण्यातल्या किती सोसायट्या ती ठेवायला तयार होतील, याबद्दल मला शंका आहे.

तेव्हा मागणे दोन्हीकडे आहे आणि ते अगदी साधे आहे. मशिदीच्या आणि जमातीच्या विश्वस्तांनी पुढच्या रमजानात किती जकात, किती सदका आला आणि कुठे गेला याचा तक्ता दर्शनी भिंतीवर लावावा; त्यातला सदक्याचा ठरावीक वाटा तालुक्याच्या सरकारी दवाखान्याला किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेला द्यावा; आणि वाटप समितीत बागवान, पिंजारी, छप्परबंद यांच्याबरोबर स्त्रियांनाही घ्यावे. बाकीच्यांनी आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या पुढच्या वार्षिक सभेत, भाडेकरू ठेवताना धर्म विचारला जाणार नाही, एवढा एक ठराव मांडावा. सूचक कोणीही होईल. अनुमोदनासाठी हात वर करायचा आहे तो तुम्हाला.